केसांचा एक लॉट

आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. हे आधीच सांगते, कारण केस रंगवण्याचे व्हिडिओ करणाऱ्या एकाही बाईने हे सांगितलेलं मी ऐकलं नाही. त्या सगळ्या म्हणतात रविवारी निवांत वेळ काढा, जुना टीशर्ट घाला, गाणी लावा. सोलापुरात केस रंगवायचे तर आधी पाणी कधी येऊन गेलं ते बघायचं, टाकी किती भरलीये ते गच्चीवर चढून झाकण उघडून बघायचं, आणि नवऱ्याने त्याच दिवशी गाडी धुवायला काढू नये म्हणून त्याला आदल्या रात्रीच दम देऊन ठेवायचा. मग टीशर्ट वगैरे.

मला करायचा होता ओम्ब्रे. हा फ्रेंच शब्द आहे, अर्थ सावली. पण आपल्याकडे हे नवीन काहीच नाही, आईच्या कपाटात शेडेड साडी होती ना, वर गर्द जांभळी आणि निऱ्यांकडे येता येता फिकट होत गेलेली, तेच केसांवर. वर काळं, मधे तपकिरी, टोकाला मधासारखं. धूपछाव वेगळं हां, त्यात उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, हलवलं की रंग बदलतो. शेडेडमध्ये काही हलत नाही, फक्त एक रंग कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते कळता कामा नये. सगळी गंमत त्यात आणि सगळी माती होते तीही त्यातच.

कारण विचाराल तर भांग. मी एक्केचाळीसची. गेली सहा वर्षं दर महिन्याला काळ्या रंगाचं पाकीट आणते, प्लास्टिकच्या वाटीत कालवते, जुन्या टूथब्रशने भांगात भरते. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे तिसऱ्या आठवड्यात भांगात पांढरा रस्ता दिसायला लागतो, पतसंस्थेत काउंटरला बसलं की समोरच्या माणसाची नजर पासबुकावरून उठून आधी तिथे जाते. तर मुलगी म्हणाली, मम्मी तू खाली कलर कर, लोक खालीच बघतील. आता ओम्ब्रेत मुळं तशीच राहतात, पांढरे जिथल्या तिथेच, हे मला कळायला हवं होतं. पण नववीतल्या पोरीचं लॉजिक त्या क्षणी फार पटलं.

पार्लरमध्ये विचारून आले. त्या मुलीने माझी वेणी हातात घेतली, वजन केल्यासारखी वर खाली केली आणि म्हणाली, लेन्ग्थ जास्त आहे मॅडम, साडेसहा हजार, प्लस ट्रीटमेंट. मी बरं म्हणून बाहेर आले आणि तशीच मधल्या मारुतीच्या बाजारात गेले. ब्लीच पावडर, डेव्हलपर, ब्रश, फॉइल, हातमोजे, आणि पिवळेपणा मारणारा तो जांभळा शाम्पू, सगळं मिळून हजाराच्या आत. रिक्षाने घरी येताना मी साडेपाच हजार कमावल्यासारखी बसले होते.

डेव्हलपर म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. बाटलीवर २० व्हॉल्यूम लिहिलेलं असतं म्हणजे ६ टक्के, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२. घरी करणाऱ्याने वीसच्या वर जाऊ नये हे मी वाचलेलं आणि तेवढं एक पाळलं. कानामागे थोडं लावून ४८ तास थांबायचं तेही केलं, कारण काळ्या रंगातल्या पीपीडी नावाच्या रसायनाने ऑफिसमधल्या एकीचे डोळे सुजून बंद झालेले मी बघितलेत, ती चार दिवस गॉगल लावून कामाला यायची. पण एक बट कापून तिच्यावर आधी ट्रायल घ्यायची, ती घेतली नाही. केस कापायला जीव झाला नाही. साठ सेंटिमीटर केस आहेत हो माझे, कमरेपर्यंत, आमच्या खानदानात एवढीच एक इस्टेट.

एप्रिलचा दुसरा शनिवार, दुपारचे दोन, बाहेर ४१ डिग्री. डोक्याचे चार भाग केले, दोन पुढे दोन मागे, प्रत्येकाला खांद्याच्या जरा खाली रबरबँड आणि रबरबँडच्या खालच्या केसांना ब्लीच. पावडर एक वाटी, डेव्हलपर दोन वाट्या, निळसर पांढरं मलम होतं, इडलीच्या पिठाएवढं दाट, पण वासाने डोळ्यात कांदा चिरल्यासारखं पाणी. व्हिडिओत ती बाई लावण्याआधी प्रत्येक बट उलट्या कंगव्याने वर ढकलत होती, त्याने थोडे केस वर गोळा होतात, त्यांना ब्लीच लागत नाही आणि रेघ फाटते. मी म्हणलं हा गुंता नंतर सोडवणार कोण, आणि ती पायरी खाल्ली. रबरबँडपर्यंत छान, भिंतीला डिस्टेंपर मारल्यासारखं, कडेला कड लावून मारलं.

दर दहा मिनिटांनी फॉइल उघडून बघत होते. काळे केस एकदम सोनेरी होत नाहीत, आधी लालसर तपकिरी, मग विटकरी, मग नारंगी, मग पिवळे, आणि केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूइतके फिकट झाले की तिथे थांबायचं, त्याच्या पुढे केस तुटतात. केसातला काळा रंग आधी जातो, तांबडा-पिवळा चिवट असतो, तो मागे राहतो. पन्नास मिनिटं झाली, माझे नारंगीच. पाकिटावर त्याहून जास्त ठेवू नका लिहिलेलं, म्हणून धुवायला गेले आणि नळ सोडला तर चहाचं पाणी. स्लॅबवरची काळी टाकी, एप्रिलचं ऊन, दुपारचे तीन. व्हिडिओतली बाई म्हणत होती कोमट-गार पाण्याने धुवा. शेवटी फ्रिजमधल्या बाटल्या बादलीत ओतल्या, सासूबाई बाथरूमच्या दारात येऊन म्हणाल्या, अगं आम्हाला प्यायला काय ठेवलंस की नाही.

वाळल्यावर आरशात बघितलं.

वर काळं, खाली नारंगी आणि मधे एक सरळ, फूटपट्टीने मारल्यासारखी रेघ. खांद्यापासून खांद्यापर्यंत. बरं नारंगीही एक नाही. रेघेच्या खाली विटेचा रंग, त्याच्या खाली जरा किरमिजी, आणि टोकाला चार बोटं कळकट नारंगी, मधेच कुठे कुठे हिरवट. मुलगी बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, मम्मी फोटो नको ना काढू? सासूबाईंनी विचारलं, ऊन लागलं का काय केसाला? नवरा शहाणा माणूस आहे, तो गाडी धुवायला निघून गेला. त्या दिवशी मी पण काही म्हणले नाही.

जांभळा शाम्पू तीन वेळा लावला, ढिम्म फरक नाही. जांभळा पिवळ्याला मारतो, नारंगीला निळा लागतो, हे नंतर वाचलं. सोमवारी ऑफिसला आंबाडा घातला, वरून जाळी, तरी एका म्हाताऱ्या खातेदाराने विचारलंच, ताई मेंदी लावलीय होय, छान हाय.

अप्पा मंगळवारी आले. माझे वडील, वय चौऱ्याहत्तर, राहतात पूर्व भागात, जोडबसवण्णा चौकाच्या आतल्या बाजूला. बीपीच्या गोळ्या माझ्या घराजवळच्या मेडिकलमधून नेतात, तिथे कुठे मिळत नाहीत असं नाही, पण तेवढ्याला जुळे सोलापूरपर्यंत येतात आणि चहा घेऊन जातात. अप्पांबद्दल एवढं सांगायला हवं की त्यांनी आयुष्यभर सूत रंगवलं. आधी गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर चादरीवाल्यांच्या एका डाईंगमध्ये, शेवटी शेवटी मास्तर. लहानपणी अप्पा जेवायला बसले की मी त्यांची नखं बघायचे. नखांच्या कडेला मरून असेल तर आज मरूनचा लॉट, हिरवी असेल तर हिरव्याचा. कितीही घासलं तरी ते जायचं नाही, दुसऱ्या रंगाने झाकलं जायचं एवढंच. डाईंगमागच्या गटारालाही तोच रंग, आम्ही पोरं त्यावर पैज लावायचो, उद्या काय वाहणार.

मी डोक्याला ओढणी गुंडाळलेली. अप्पा म्हणाले, घरात का गं ओढणी? मी सोडली.

मला वाटलं ओरडतील, किंवा हसतील. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि माझी वेणीची टोकं हातात घेतली, अंगठा आणि दोन बोटांच्या मधे, जसे ते सूत धरायचे तसे. मग म्हणाले, "दाराकडं ये. ट्यूबखाली शेड बघायची नसती." गच्चीच्या दारात नेलं मला, उन्हात नाही, सावलीत पण उजेडात, आणि एकेक बट वेगळी करून वरपासून खालपर्यंत बघत गेले.

"लॉट फेल आहे," म्हणाले.

आणि मग प्रश्न. पाणी कुठलं वापरलीस, नळाचं का बोअरचं? मी म्हणलं टाकीत दोन्ही मिसळलेलं असतं, नुसतं नळाचं पुरतं कुठे. "मग झालं की. बोअरचं पाणी जड, त्यात क्षार, रंग मळकाच येणार. आम्ही रंगाची टाकी लावायच्या आधी पाणी बघायचो, तुम्ही डोक्याला लावलालाव तरी बघत नाही." खाली काय काय चढवलं होतंस आधी? मी आठवून सांगायला लागले. खांद्याच्या खाली पाकिटाचा काळा, महिन्यामागून महिना, कारण मी आळशीपणे दर वेळी रंग टोकापर्यंत ओढायचे. त्याच्या खाली बरगंडी, भाचीच्या लग्नातला. टोकाला मेंदी, दुसऱ्या लाटेत पार्लरं बंद होती तेव्हा लोखंडी कढईत भिजवलेली, आणि तिच्यावर काळं व्हायला म्हणून नीळ. केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतात तर साठ सेंटिमीटर वेणीचं टोक चार-पाच वर्षांपूर्वीचं असतं, हे गणित मी त्या दारात उभी राहून पहिल्यांदा केलं. मी विसरलेलं सगळं ब्लीचने एकाखाली एक उघडं पाडलं होतं. अप्पांनी टोकाची हिरवट बट उचलली. "ही नीळ. ही जात नाही."

मी विचारलं हायड्रो मारून उतरवता येईल का, कारण लहानपणी ऐकलेलं, लॉट बिघडला की हायड्रो आणि कॉस्टिक टाकून रंग उतरवायचे आणि परत चढवायचे. अप्पा पहिल्यांदा चिडले. "येडी का काय? ते सुताला. हे सूत नाही, हे लोकरीच्या जातीचं. लोकर, रेशीम, केस, कॉस्टिकमधी टाकलं की विरघळून हातात लगदा येतो." खरंय ते. कापूस झाडाचा, त्याला कॉस्टिक चालतं. केस प्रथिनाचे. मला हे कॉलेजात शिकवलेलं, पण टाकीशी उभं राहिलेल्या माणसाला ते हाताने माहीत असतं.

एक गोष्ट मात्र मला त्या दिवशी अप्पांना सांगता आली. त्यांचे चादरीचे व्हॅट रंग पाण्यात विरघळतच नाहीत, हायड्रो टाकून त्यांना आधी विरघळणारं रूप द्यायचं, ते धाग्याच्या आत शिरतं, मग लडी हवेत धरली की हवेतला ऑक्सिजन त्याला परत न विरघळणारं करतो आणि रंग आतच अडकतो, म्हणून चादर वीस वर्षं धुतली तरी जात नाही. केसांच्या पक्क्या रंगाचं पण असंच आहे, आत शिरणारे कण बारीक असतात, आत गेल्यावर पेरॉक्साइडने त्यांची मोठी गाठ होते आणि ती बाहेर पडू शकत नाही. अप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, म्हणजे चोर खिडकीतून आत गेला आणि आत जाऊन जाड झाला. मी म्हणलं हो तसंच. खरं तर दोघांचं मूळही जवळजवळ एकच, विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा १८५६ साली लंडनमध्ये क्विनाइन बनवायला गेला आणि डांबरातल्या रसायनांतून जांभळा कापडरंग घेऊन बसला, त्याच घराण्यातली रसायनं पुढे १९०७ मध्ये पॅरिसमध्ये युजीन श्युलेरने केसांना लावली, तीच कंपनी पुढे लॉरिअल झाली. हे मी अप्पांना नाही सांगितलं. चहा गार होत होता.

"पण तुला पाहिजे काय होतं?" अप्पांनी विचारलं.

मी मोबाईलवर फोटो दाखवला. त्यांनी दोन बोटांनी मोठा केला, बराच वेळ बघितला. "हे वर काळं खाली पिवळं, हे मुद्दाम?" मुद्दाम. "एकसारखं नको?" नको. "आम्ही असली लडी काढली असती तर शेठनं पगार कापला असता," म्हणाले, आणि मग हसले, खांदे हलवत, आवाज न करता. बत्तीस वर्षं एकच काम, सगळी लडी एका रंगाची आली पाहिजे, टाकीत सूत एका पातळीला थांबू द्यायचं नाही, दांडे सारखे वर खाली करत राहायचं, थांबलं की पाण्याच्या रेघेला पट्टा पडतो. आणि पोरगी पैसे घालून वेडावाकडा लॉट मागत होती, शिवाय तो वेडावाकडापणा पण नीट यायला पाहिजे म्हणत होती.

ते उठलेच मग. "रेघ पडली कारण तू थांबलीस," म्हणाले. "रबर बांधून थांबलीस. शेड पाहिजे तर हात थांबायला नको." आणि नारंगीवर निळं पडलं की तपकिरी होतं, हे त्यांना कुठल्या शाम्पूच्या बाटलीवर वाचायला लागलं नाही.

गुरुवारी पाणी आलं. अप्पा आठ वाजता हजर, गोळ्या शिल्लक असताना. मी आदल्या दिवशी गार तपकिरी रंगाचा सेमी-परमनंट आणला होता, बिनापेरॉक्साइडचा, त्यात निळ्याची झाक असते, आणि पांढऱ्या कंडिशनरचा मोठा डबा. अप्पांनी तीन स्टीलच्या वाट्या मागितल्या. एकीत रंग निखळ, दुसरीत अर्धा कंडिशनर, तिसरीत रंग एक चमचा आणि कंडिशनर तीन. आधी ते चुकले, सवयीने टोकं खाली बुडवायला निघाले, मग स्वतःच थांबून म्हणाले, नाही हे उलटं आहे, टाकीत खालचं गडद होतं, तुला वर गडद पाहिजे. मला अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, मान मागे, पाठीवर जुना सोलापुरी टॉवेल. हातमोजे दिले तर त्यांनी ते कठड्यावर ठेवले. मोजे घालून सूत कळत नाही म्हणे. माझी भांडायची ताकद नव्हती, आणि त्या रंगात पीपीडी नव्हतं हे मी वाचून घेतलं होतं.

पहिल्या वाटीचा रंग त्यांनी रेघेवर लावला, पण कुठे दोन बोटं वर, कुठे चार बोटं खाली, साडीच्या काठासारखा सरळ कुठेच नाही. मग दुसरी वाटी, पहिलीचा ओला काठ खाली ओढत. मग तिसरी. एक हात वर रंग लावत होता आणि दुसरा खाली तो पुसत जात होता, दोन्ही हात एकाच वेळी, एकदाही न थांबता. सासूबाई शेंगा सोलता सोलता बघत होत्या आणि त्यांचे हात मात्र थांबले होते. वीस मिनिटांनी मी विचारलं, धुवायचं का? "ओलं आहे. ओलं नेहमी गडद दिसतं, त्यावर भरोसा नाही." एक बट पुसून, फुंकर मारून, कोरडी करून दाराच्या उजेडात बघितली. "अजून दहा."

धुतलं नळाच्या ताज्या पाण्याने, सकाळचं, गार. अप्पांनी बोअरला हात लावू दिला नाही.

मधासारखं काही झालं नाही. खाली तांब्याचा रंग आहे, उन्हात जुन्या घागरीसारखा, टोकाची हिरवट नीळ तपकिरीत बुडाली तरी मला माहिती असल्यामुळे दिसते. पण रेघ नाही. मुलीने बोट ठेवून शोधली, वरून खाली आणि खालून वर, आणि मग शाळेला उशीर झाला म्हणून सोडून दिलं. पांढरे अर्थातच भांगात जिथल्या तिथे आहेत. सेमी-परमनंट आहे, प्रत्येक धुण्याला थोडा जाणार, महिना-दीड महिन्यात खालचं नारंगी परत डोकं वर काढेल, तेव्हा परत तीन वाट्या.

अप्पांना रविवारी भेटायला गेले. घरी नव्हते, चौकातल्या चहावाल्याकडे बसलेले त्यांच्या जुन्या कामगार दोस्तांबरोबर. लांबूनच बघितलं, एकाने त्यांचा हात धरून वर उचलला होता आणि नखं बघत होता. नखांच्या कडेला तपकिरी अजून होतं.

"का बे, परत कामाला जाऊलालास का?"

"हां," अप्पा म्हणाले. "एक लॉट होता."